८:३३.८८ मध्ये जागतिक सुवर्ण : स्टीपलचेसची अंतिम शर्यत इतकी संथ असावी का?

लंबीरेस

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला झालेल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याच्या उड्या पार करत धावायची शर्यत) अंतिम शर्यत मी पुन्हा सलग पाहिली. शेवटची फेरी श्वास रोखून पाहावी अशीच आहे. न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश ८:३३.८८ (८ मिनिटं ३३.८८ सेकंद) मध्ये पहिला, मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली ८:३३.९५ मध्ये दुसरा आणि केनियाचा कोवळा एडमंड सेरेम ८:३४.५६ मध्ये तिसरा. पहिल्या दोघांत फरक फक्त ७ शतांश सेकंदाचा.

तरी एक गोष्ट मला सलते आहे. १९८३ पासून जागतिक स्पर्धा होत आहेत आणि इतक्या वर्षांत या शर्यतीचं सुवर्ण इतक्या संथ वेळेत कुणीच जिंकलेलं नाही. आधीची सर्वांत संथ वेळ २०२२ ची, युजीनची, ८:२५.१३. विश्वविक्रम लामेचा गिरमाचा ७:५२.११. त्या सरासरी वेगाने कुणी धावला असता, तर तो अंतिम रेषेवर पोचला तेव्हा बीमिश जवळपास अडीचशे मीटर मागे असता. आणि याच स्पर्धेत महिलांची स्टीपलचेस फेथ चेरोटिचने ८:५१.५९ मध्ये जिंकली. म्हणजे पुरुषांच्या विजेत्यापेक्षा जेमतेम १८ सेकंद जास्त!

जगातले सर्वोत्तम धावपटू वर्षभर तयारी करून येतात, आणि पहिले दोन किलोमीटर एकमेकांकडे बघत काढतात. हे योग्य आहे का? डायमंड लीगमध्ये (आघाडीच्या ॲथलीट्सची वार्षिक स्पर्धामालिका) असतात तसे पेसमेकर, म्हणजे ठरलेला वेग राखायला पुढे धावणारे, इथेही का असू नयेत? मला वाटतं असावेत. तुमचं काय मत?

तिसरी_लेन

पेसमेकर आणि जागतिक अंतिम फेरीत? नको हो. पदकाची शर्यत आहे, विक्रमाची नाही.

विदाभक्त

लंबीरेस, आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटला नाही. अंतिम शर्यती दरवेळी संथच होतात असं नाही. २००९ बर्लिन : एझेकिएल केम्बोई ८:००.४३. २०१९ दोहा : कॉन्सेस्लस किप्रुटो ८:०१.३५. २०२३ बुडापेस्ट : बक्काली ८:०३.५३. यातल्या एकाही शर्यतीत पेसमेकर नव्हता. कुणाला तरी वेगात धावणं फायद्याचं वाटलं आणि तो धावला, एवढंच.

दोहाची शर्यत तर सगळ्यांनी बघावी. किप्रुटो ८:०१.३५, गिरमा ८:०१.३६. एक शतांश! तेव्हा वेगवान शर्यत एकतर्फी होते आणि संथ शर्यतच रंगते, हेही खरं नाही.

सह्याद्रीवारा

मी एवढंच म्हणेन, आपला अविनाश साबळे तिथे असता तर! त्याचा राष्ट्रीय विक्रम ८:०९.९१ आहे, पॅरिस डायमंड लीग, जुलै २०२४. विजेत्यापेक्षा चक्क २४ सेकंदांनी सरस. दुखापतीने घात केला. जुलै २०२५ मध्ये मोनाकोला पाण्याच्या उडीवर पडला, गुडघा गेला आणि टोकियो हुकलं. सोनं आपलं होतं.

आणखी एक. गोपाळ सैनींचा जुना भारतीय विक्रम ८:३०.८८ होता, १९८१ चा, तोही टोकियोतच झालेला. म्हणजे यंदाचा जगज्जेता चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या भारतीय विक्रमापेक्षा तीन सेकंद मागे!

तिसरी_लेन

सैनींचा आकडा जबरदस्त शोधलात. यापुढे कुणी संथ शर्यतीबद्दल बोललं की हाच सांगेन.

जुना_धावक

सह्याद्रीवारा, साबळेवर माझाही जीव आहे, पण "सोनं आपलं होतं" हे मान्य नाही. कारण नेमकी अशीच शर्यत तो एकदा धावला आहे. जुलै २०२२, युजीन, जागतिक अंतिम फेरी. तेव्हा त्याची सर्वोत्तम वेळ होती ८:१२.४८, त्याच जूनमध्ये रबातला केलेली. शर्यत ८:२५.१३ ला जिंकली गेली. कागदावर साबळे विजेत्यापेक्षा जवळजवळ १३ सेकंद सरस. प्रत्यक्षात तो ८:३१.७५ मध्ये अकरावा आला. कारण ती तीन हजार मीटरची शर्यत राहिलीच नव्हती. शेवटच्या सहाशे-सातशे मीटरांत ज्याच्या पायात १५०० मीटरवाल्याचा वेग होता, तो पुढे गेला.

आता तीन आठवड्यांच्या आत काय झालं बघा. ६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा. केनियाच्या धावपटूंनी पहिल्यापासून वेग ठेवला. साबळे त्यांना चिकटून राहिला. शेवटच्या सरळ पट्ट्यात अब्राहम किबिवोटच्या पार खांद्यापर्यंत आला. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांशांनी रौप्य आणि नवा राष्ट्रीय विक्रम. १९९८ ते २०१८ या सगळ्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. ती भिंत आपल्या माणसाने फोडली.

माणूस तोच, महिना जवळपास तोच. फरक पडला तो शर्यतीच्या चालीने. त्यामुळे टोकियोतली चाल साबळेला मुळीच मानवली नसती. त्याला मानवणारी शर्यत एकच : स्वतः पुढे होऊन पहिल्या किलोमीटरपासून वेग वाढवत नेलेली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने तेच केलं. सुरुवातीलाच निघून गेला, उरलेली शर्यत एकट्याने धावला आणि ८:१९.५० मध्ये सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत या प्रकारात भारतीय पुरुषाचं ते पहिलंच सुवर्ण.

सह्याद्रीवारा

युजीनचा मुद्दा मान्य. पण तुम्हीच म्हणता तसा तो टोकियोत पुढे होऊन धावला असता, तर शर्यत ८:३३ ची झालीच नसती ना? आठ-पंधराला संपली असती. मग बीमिशच्या शेवटच्या धावेत तेवढा दम उरला असता का? माझा दावा मी सोडत नाही.

केतकी_म

बीमिशबद्दल कुणीच काही लिहिलं नाही अजून! प्राथमिक शर्यतीत शेवटच्या चकरेला तो पडला आणि मागून येणाऱ्याचा स्पाइकचा बूट थेट त्याच्या चेहऱ्यावर पडला. तो उठला, धावला आणि दुसरा येऊन अंतिम फेरीत गेला. चेहऱ्यावरच्या त्या जखमा घेऊन दोन दिवसांनी तो जगज्जेता झाला. अशा माणसाला तुम्ही घड्याळ दाखवता?

लंबीरेस

केतकी, बीमिशच्या जिद्दीबद्दल मला आदरच आहे. माझी तक्रार शर्यतीच्या पहिल्या सहा फेऱ्यांबद्दल आहे, आणि ती एकट्या बीमिशची जबाबदारी नाही. पंधरा-सोळा जण मिळून तशी धावले.

पाण्याची_उडी

मी विद्यापीठ पातळीवर ही शर्यत धावले आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. टीव्हीवर "संथ" दिसणारी शर्यत आत काय असते, ते बाहेरून कळत नाही.

या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, महिलांचा ७६.२. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पायाने ढकलला की पडतो. हा पडत नाही. वर साडेबारा सेंटिमीटरहून जाड चौकोनी लाकडी तुळई, एकूण वजन ८० ते १०० किलो. गुडघा लागला तर गुडघाच फुटतो. रुंदी जेमतेम चार मीटर. आता या चार मीटरांत पंधरा जण एकदम आले, तर काय होईल?

शर्यत वेगात असते तेव्हा रांग लांबते. प्रत्येकाला पुढचा अडथळा दिसतो, पावलं मोजता येतात, टेक-ऑफ ठरवता येतो. शर्यत संथ असते तेव्हा सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावतात आणि मधल्या माणसाला अडथळा दिसतच नाही. समोरच्याचं डोकं वर गेलं की आपणही उडी घ्यायची. पुढचा किंचित थबकला की मागचे सगळे आखूड पावलं टाकतात, उडी झाली की पुन्हा अंतर भरून काढायला जोर लावतात. दर अडथळ्याला घोळका आखडतो आणि पसरतो. पुढचा माणूस एका लयीत धावतो आणि मागचा तेच अंतर झटक्याझटक्याने कापतो. त्यामुळे वेळ ८:३३ असली तरी मागच्यांच्या पायातली ताकद ८:३३ पेक्षा कितीतरी जास्त खर्च झालेली असते.

यावर उपाय एकच, बाहेरून धावणं. दुसऱ्या लेनमधून जास्त अंतर कापायचं, पण अडथळा स्वच्छ दिसतो. अनुभवी लोक हा सौदा मुद्दाम करतात. बक्कालीला बघा, उंच माणूस, बहुतेक वेळ बाहेरच्या बाजूला असतो.

पाण्याच्या उडीचं आणखी निराळं. अडथळ्याच्या तुळईवर एक पाय ठेवायचा, शरीर खाली ठेवून पुढे ढकलायचं आणि खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला, उथळ पाण्यात, एका पायावर उतरायचं. दुसरं पाऊल कोरड्या ट्रॅकवर पडलं पाहिजे. खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्यापाशी सर्वांत खोल आणि पुढे चढ. उडी आखूड पडली की खोल पाण्यात पाय, आणि तिथून बाहेर पडायला एकदम दोन पावलं जास्त. थकलेल्या पायांनी सातव्यांदा हे करताना माणूस पडतो तो इथेच. साबळे मोनाकोत तिथेच पडला.

म्हणून लंबीरेस, "एकमेकांकडे बघत काढतात" हे शब्द मला कठोर वाटले. ते एकमेकांकडे बघत नाहीत, अडथळा शोधत असतात.

विदाभक्त

पाण्याची_उडी, उत्तम प्रतिसाद. अडथळ्यांची किंमत किती, त्याचा एक अंदाज गिरमाच्याच वेळांवरून काढता येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने इनडोअर ३००० मीटर (अडथळ्यांशिवाय) ७:२३.८१ मध्ये धावून विश्वविक्रम केला. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसला स्टीपलचेस ७:५२.११. फरक सव्वाअठ्ठावीस सेकंदांचा. ३५ उड्यांनी भागा : दर उडीला सुमारे ०.८ सेकंद. आणि हे जगातल्या सर्वांत सफाईदार माणसाचं, मोकळ्या ट्रॅकवर. घोळक्यात तो आकडा किती वाढेल, विचार करा.

मैदानी

एक सेकंद. पाण्याची_उडी यांच्या म्हणण्यातूनच धागाकर्त्याची बाजू बळकट होते. संथ शर्यत म्हणजे घोळका, घोळका म्हणजे धोका. मग वेग ठेवणारा कुणी नेमला तर शर्यत सुरक्षितही होईल की.

पाण्याची_उडी

सुरक्षिततेपुरतं बरोबर आहे. पण पेसमेकर कुणाच्या सोयीचा वेग ठेवणार? ८:०५ चा ठेवला तर गिरमा आणि बक्काली खूश, ८:१५ चा ठेवला तर बीमिश. वेग ठरवणं हाच या शर्यतीतला अर्धा डाव आहे, आणि तो धावणाऱ्यांच्याच हातात राहायला हवा. शिवाय मैदानी, पॅरिस ऑलिंपिक आठवा. ती शर्यत संथ नव्हती, बक्काली ८:०६.०५ ला जिंकला. तरी शेवटच्या फेरीत गिरमाचा पाय अडथळ्याला लागला, तो डोक्यावर आपटला आणि स्ट्रेचरवरून न्यावा लागला. वेगात अडथळा चुकला की किंमत आणखी मोठी असते.

केतकी_म

गिरमाचं ते पडणं मला आजही पुन्हा बघवत नाही. दोहा २०१९, टोकियो ऑलिंपिक, युजीन, बुडापेस्ट, ओळीने चार रौप्यं. विश्वविक्रम त्याच्या नावावर. आणि पाचव्या मोठ्या शर्यतीत हे. तो पुन्हा या अडथळ्यांवरून धावायला उभा राहिला, यंदा टोकियोच्या अंतिम फेरीतही होता, हेच माझ्यासाठी पदकापेक्षा मोठं.

जुना_धावक

केतकी, आणि त्या चार रौप्यांतच यंदाच्या संथपणाचं कारण आहे असं मला वाटतं. वेगवान शर्यत हवी असलेल्यांत सर्वांत पुढे गिरमा असायला हवा. पण तो इतक्यांदा बक्कालीच्या आधी जोर लावून शेवटी बक्कालीकडूनच हरला आहे की पुढे होऊन वेग ठेवायची इच्छा त्याच्यात किती उरली असेल? पुढे धावणारा वारा झेलतो, मागचे फुकट येतात. बक्कालीला शेवटच्या धावेवर भरवसा, म्हणून तो वेग वाढवत नाही. बाकीच्यांना बक्कालीची भीती. सगळे थांबून राहिले आणि फायदा झाला तो २०२४ ला ग्लासगोत १५०० मीटरचं जागतिक इनडोअर सुवर्ण जिंकलेल्या माणसाचा. बीमिश घोळक्याच्या मागे निवांत होता, कारण त्याला माहीत होतं की हे सगळे त्याचीच शर्यत धावत आहेत.

तिसरी_लेन

"हे सगळे त्याचीच शर्यत धावत आहेत" +१. हे वाक्य उरलेल्या चौदा जणांच्या प्रशिक्षकांना पाठवून द्या.

मास्तर_६८

१५०० मीटरवाल्याने येऊन स्टीपलचेस जिंकणं नवीन नाही. किपचोगे केइनोने १९६८ ला मेक्सिकोत १५०० चं सुवर्ण घेतलं आणि १९७२ ला म्युनिकमध्ये, फारसा अनुभव नसताना, स्टीपलचेसचं. वेळ ८:२३ च्या आसपास, आजच्या मानाने काही फार वेगवान नव्हे, पण तेव्हाचा ऑलिंपिक विक्रम. आज केइनोला कुणी "संथ विजेता" म्हणतं का?

थोडं अवांतर करतो. या शर्यतीचा इतिहासच चमत्कारिक घटनांनी भरलेला आहे. १९३२ लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फेऱ्या मोजणाऱ्याची चूक झाली आणि सगळ्यांना एक फेरी जास्त धावायला लागली. फिनलंडचा व्होल्मारी इसो-होलो तरीही जिंकला. पण ३००० मीटरच्या खऱ्या रेषेवर दुसरा असलेला अमेरिकेचा जो मॅक्लस्की त्या जादा फेरीत तिसरा गेला. रौप्याचं कांस्य झालं! १९५२ ला हेलसिंकीत होरेस ॲशेनफेल्टर जिंकला. हा एफबीआयचा कर्मचारी, आणि मागे होता सोव्हिएत संघाचा कझान्त्सेव्ह. शीतयुद्ध ऐन भरात, आणि रशियन माणूस एफबीआयच्या माणसाचा पाठलाग करतोय! पत्रकारांना आणखी काय हवं होतं?

१९५६ मेलबर्नला ख्रिस ब्रॅशर जिंकला, मग अडथळा आणल्याच्या कारणावरून बाद झाला आणि अपिलानंतर पुन्हा विजेता ठरला. आणि १९६८ चा एमोस बिवॉट! पाण्याच्या उडीत त्याचा पाय पाण्यातच पडत नव्हता. अख्खा खड्डा ओलांडून कोरड्या पायाने तो ऑलिंपिक जिंकला. केनियाची मालिका तिथून सुरू झाली.

मैदानी

मास्तर, १९३२ चं हे माहीत नव्हतं. मॅक्लस्कीची बाजू कुणी लढवली नाही?

मास्तर_६८

पुन्हा शर्यत घेण्याची तयारी दाखवली गेली होती असं वाचलं आहे, पण निकाल तोच राहिला. मला तरी तो अन्यायच वाटतो. चूक अधिकाऱ्याची, पदक खेळाडूचं.

घड्याळवाला

केनियाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. १९८४ ते २०१६ ओळीने नऊ ऑलिंपिक सुवर्णं. २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत पहिले चारही केनियाचे. आणि आता एक कांस्य. काय झालं?

जुना_धावक

एका ओळीत सांगायचं तर केम्बोई आणि किप्रुटो यांचा काळ संपला, आणि त्यांच्या जागी तसं कुणी आलं नाही. केम्बोईने २००९ ते २०१५ सलग चार जागतिक सुवर्णं आणि त्याशिवाय दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. तशा माणसामागे बाकीचे केनियन एक संघ म्हणून धावायचे, वेग वाटून घ्यायचे. त्यांच्याविरुद्ध संथ शर्यत खेळणंच शक्य नव्हतं.

पण मक्तेदारी आधीही डळमळली होती. २००३ ला पॅरिसमध्ये जागतिक सुवर्ण कतारच्या सैफ सईद शाहीनने घेतलं. तो मूळचा केनियाचाच, स्टीफन चेरोनो. त्याचा सख्खा भाऊ त्याच शर्यतीत केनियाकडून धावत होता. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला केनियाने त्याला परवानगी दिली नाही. तिथे तिन्ही पदकं केनियाला मिळाली, आणि त्याच महिन्याभरात शाहीनने ब्रुसेल्सला ७:५३.६३ चा विश्वविक्रम केला. तो १९ वर्षं जवळपास टिकला, गिरमाने मोडेपर्यंत.

आणि सेरेमला विसरू नका. या वयात जागतिक पदक! घड्याळवाला, पाच वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचारा.

अरुंधती_प

महिलांच्या शर्यतीचा उल्लेख लंबीरेस यांनी पहिल्याच पोस्टमध्ये केला, पण त्यावर कुणी पुढे काही बोललं नाही. चेरोटिचची ८:५१.५९ ही जागतिक स्पर्धेतली विक्रमी वेळ आहे. महिलांची स्टीपलचेस जागतिक स्पर्धेत आली २००५ ला, ऑलिंपिकमध्ये २००८ ला. वीस वर्षांत त्या इथे पोचल्या. टोकियोत त्या पहिल्यापासून वेगात धावल्या, पेसमेकर नव्हताच. "पुरुष इतके संथ की महिलांच्या जवळ आले" असं म्हणण्यापेक्षा महिलांची अंतिम फेरी पाहून पुरुषांनी काहीतरी शिकावं, असं मी म्हणेन.

लंबीरेस

अरुंधतीताई, सहमत. माझ्या वाक्याचा रोख पुरुषांच्या शर्यतीवर होता, पण तुम्ही म्हणता ते जास्त महत्त्वाचं आहे.

विदाभक्त

संथपणाचं एक कारण अजून कुणी मांडलेलं नाही. २०२३ पासून १५०० मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींत वेळेवर पात्र ठरण्याची सोय काढून टाकली आहे. पूर्वी प्राथमिक फेरीतले पहिले काही जण आणि त्याशिवाय सर्वांत वेगवान वेळ देणारे काही जण अंतिम फेरीत जायचे. आता स्टीपलचेसच्या तीन प्राथमिक फेऱ्या आणि प्रत्येकीतले पहिले पाच, बस. परिणाम? प्राथमिक फेरीतही वेगात धावण्याचं कारणच उरलं नाही. बुडापेस्टला साबळे ८:२२.२४ धावून सातवा आला आणि घरी आला. खेळाडूंना आता शिकवलं जातं ते जागा पकडायला.

मैदानी

ही माहिती मोलाची आहे. म्हणजे दोष खेळाडूंचा कमी, नियमाचा जास्त.

पाण्याची_उडी

पण त्या जुन्या नियमात अन्याय नव्हता का? दुसऱ्या-तिसऱ्या प्राथमिक फेरीतल्यांना आधीच्या वेळा माहीत असायच्या. पहिल्या फेरीतले आंधळेपणाने धावायचे. नव्या नियमात सगळे सारखे. मला नवाच बरा वाटतो.

केतकी_म

युजीनचा कॅमेरामन कुणाला आठवतो? शर्यत चालू, घोळका येतोय, आणि हे महाशय ट्रॅकवर उभे राहून निवांत भलतीकडे कॅमेरा लावून बसलेले! सगळे त्यांना वळसा घालून गेले. त्या दिवशी अडथळे २८ नव्हते, २९ होते.

तिसरी_लेन

आणि तो एकटाच पूर्ण शर्यतभर स्वतःच्या ठरलेल्या वेगाने चालला. पेसमेकर हवा तर त्यालाच नेमा.

जुना_धावक

हसून झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे येतो. पेसमेकर न नेमता शर्यत वेगवान करता येते, आणि तो मार्ग नवा नाही. १९८७, रोम, जागतिक अंतिम फेरी. इटलीचा फ्रान्चेस्को पानेत्ता. त्याच स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य त्याने घेतलेलं. शेवटच्या धावेत आपण कमी पडू, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने सुरुवातीपासून शर्यत स्वतःच्या हातात घेतली आणि ८:०८.५७ मध्ये सुवर्ण नेलं. केनियाचे धावपटू मागे.

२०२४ च्या पॅरिसमधला केनेथ रुक्सही तसाच. त्याची सर्वोत्तम वेळ ८:१५ ची, पदकासाठी कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. शेवटची फेरी सुरू होताना तो मागून एकदम सगळ्यांच्या पुढे गेला आणि सगळा डाव उधळून लावला. ८:०६.४१, रौप्य. नऊ सेकंदांची सुधारणा ऑलिंपिक अंतिम फेरीत!

टोकियोत असा एकही माणूस निघाला नाही. माझा राग असेल तर तो यावर आहे. ज्यांना माहीत होतं की शेवटच्या शंभर मीटरांत आपण बक्कालीला हरवू शकत नाही, त्यांनी बाराशे मीटर बाकी असताना निघून जायला हवं होतं. जपानचा रयुजी मिउरा बघा. जुलैत मोनाकोला ८:०३.४३ धावलेला, घरचं मैदान, हजारो लोक त्याच्या नावाने ओरडत होते. शेवटच्या फेरीत तो पदकाच्या जागेत होता आणि शेवटच्या टप्प्यात मागे पडला. ८:०३ ची ताकद असलेल्या माणसाने ८:३३ ची शर्यत होऊच का द्यावी?

सह्याद्रीवारा

हेच तर मी साबळेबद्दल म्हणत होतो!

जुना_धावक

साबळेने असं धावलं पाहिजे, हे मी आधीच म्हणालो. आपलं भांडण फक्त सोनं आधीच गळ्यात घालण्यावरून आहे.

लंबीरेस

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. पेसमेकरचा आग्रह मी मागे घेतो. पाण्याची_उडी यांचं "कुणाच्या सोयीचा वेग" हे बिनतोड आहे. पण प्राथमिक फेरीत वेळेवर पात्र ठरणाऱ्या दोन-तीन जागा परत आणाव्यात, हे माझं मत विदाभक्त यांचा प्रतिसाद वाचून पक्कं झालं. पहिल्या फेरीवर अन्याय होतो हे खरं, पण साबळेसारख्या एकसंध वेगाने धावणाऱ्याला आताचा नियम जो फटका देतो, तो मला मोठा वाटतो.

आणि ८:३३.८८ ला मी कमी लेखणार नाही. तरीही २०२७ च्या बीजिंगमध्ये कुणीतरी पहिल्या किलोमीटरलाच निघून जावं, एवढी इच्छा आहे.

पाण्याची_उडी

नियमाबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण बीजिंगच्या इच्छेत मी सामील. माझं नाव गिरमा.

केतकी_म

सेरेम.

सह्याद्रीवारा

साबळे. गुडघा सावरला की आधी २०२६ ची आशियाई स्पर्धा, आइची-नागोया. मग बीजिंग. जुना_धावक, तुम्ही?

जुना_धावक

बक्काली. शेवटच्या अडथळ्यानंतर पुढे असूनही सात शतांशांनी हरलेला माणूस. तेही ज्या मैदानावर २०२१ ला त्याने केनियाची ऑलिंपिक मालिका संपवली, त्याच मैदानावर. पुढच्या वेळी तो इतकं थांबणार नाही.